दस्तऐवजीकरणाच्या प्लॅटफॉर्मची निवड: एका सॉफ्टवेअर टीमचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण साधारण चाळीस जणांच्या एका सॉफ्टवेअर टीमचे आहे. व्यावसायिक ग्राहकांसाठी व्यवहार हाताळणारी प्रणाली तयार करणे, ती चालवणे आणि ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देणे ही तिन्ही कामे याच टीमकडे होती. निम्म्याहून अधिक लोक प्रोग्रामर होते. उरलेल्यांत चाचणी करणारे, ग्राहक-साहाय्य पाहणारे, उत्पादन विश्लेषक आणि सर्व्हर सांभाळणारे दोघे जण होते. केवळ दस्तऐवज लिहिण्यासाठी एकच व्यक्ती नेमलेली होती आणि तिचाही अर्धा वेळ दुसऱ्या कामांत जात असे. ओळख पटू नये म्हणून उत्पादनाचे स्वरूप आणि काही बारकावे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यांमागची कारणे मात्र तशीच ठेवली आहेत. प्रस्तुत लेखक या चर्चांमध्ये सल्लागार म्हणून उपस्थित होता.

टीम अनेक वर्षे कॉन्फ्लुअन्स या ॲटलासियन कंपनीच्या विकीची (सर्वांनी मिळून लिहायच्या पानांच्या संग्रहाची) स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी आवृत्ती वापरत होती. ॲटलासियनने ऑक्टोबर २०२० मध्येच ही सर्व्हर आवृत्ती बंद करण्याचे जाहीर केले होते. २ फेब्रुवारी २०२१ पासून नव्या परवान्यांची विक्री थांबली आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी तिचे पाठबळ संपले. म्हणजे तयारीला तीन वर्षांहून अधिक मुदत होती. तरीही विषय गांभीर्याने चर्चेला आला तो २०२३ च्या मध्यावर, आणि त्याला निमित्त परवान्याचे नव्हते.

अडचण

एका रात्री मुख्य डेटाबेस बंद पडला आणि पाळीवर असलेल्या अभियंत्याला राखीव डेटाबेसवर काम वळवायचे होते. विकीत शोध घेतल्यावर जवळजवळ एकाच शीर्षकाची तीन पाने समोर आली. त्यांतल्या सर्वांत नीटनेटक्या दिसणाऱ्या पानावरच्या पायऱ्या त्यांनी पाळल्या, पण त्या पायऱ्यांत उल्लेख असलेली एक सेटिंग काही महिन्यांपूर्वी कोडमधून काढून टाकलेली होती. प्रणालीने ती सेटिंग निमूटपणे दुर्लक्षिली, कोणतीही चूक दाखवली नाही आणि काम वळले असा समज होऊन बराच वेळ वाया गेला. ज्या प्रोग्रामरने ती सेटिंग काढली होती त्यांचे काम चोख होते. कोड तपासला गेला होता, चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या. फक्त असे एखादे पान अस्तित्वात आहे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक व्हावे असा कोणताही मार्ग कामाच्या पद्धतीत नव्हता.

घटनेनंतरच्या बैठकीत निष्कर्ष निघाला तो असा: विकीचा शोध निकामी आहे, तेव्हा चांगल्या शोधाचे साधन घ्यावे. परवाना तसाही संपत आला होता, त्यामुळे हा निष्कर्ष सर्वांना सोयीचा वाटला. व्यवस्थापनाने नव्या प्लॅटफॉर्मची तुलना करून शिफारस देण्यास एका छोट्या गटाला सांगितले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात घाई आणखी वाढली. कॉन्फ्लुअन्सच्या स्वतःच्या सर्व्हरवरील आवृत्त्यांमध्ये सीव्हीई-२०२३-२२५१५ (सीव्हीई ही जाहीर सुरक्षा-दोषांना क्रमांक देण्याची पद्धत) हा सुरक्षा-दोष जाहीर झाला. त्याची तीव्रता १० पैकी १० ठरवली गेली होती आणि तो प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात होता. ८.०.० पूर्वीच्या आवृत्त्यांना तो लागू नव्हता, त्यामुळे टीम काही आठवडे निश्चिंत राहिली. महिनाअखेरीस जाहीर झालेला सीव्हीई-२०२३-२२५१८ हा दोष मात्र स्वतःच्या सर्व्हरवरील सर्वच आवृत्त्यांना लागू होता. सर्व्हर सांभाळणाऱ्या दोघांनी विकी त्याच दिवशी अंतर्गत जाळ्यापुरती मर्यादित केली आणि "फेब्रुवारीनंतर असा दोष निघाला तर आमच्या हातात काहीच नसेल" असे लेखी कळवले.

पहिला निर्णय: आधी साधन की आधी पाने?

गटाचे पहिले पाऊल अपेक्षेप्रमाणेच पडले. वीसहून अधिक निकषांचा तक्ता तयार झाला, प्रत्येक निकषाला भार दिला गेला आणि प्रत्येक साधनाला गुण मिळाले. निकाल आला तेव्हा पहिल्या चार पर्यायांमध्ये नगण्य फरक होता आणि भार किंचित हलवला की क्रम बदलत होता. असा तक्ता कोणाच्याही मूळ पसंतीला आकड्यांचा आधार देऊ शकतो, हे गटातल्याच एका चाचणी अभियंत्याने दाखवून दिले. त्यांनी दोन निकषांचे भार बदलून प्रत्येक पर्यायाला एकेकदा पहिल्या क्रमांकावर आणले.

त्यानंतर गटाने साधनांची चर्चा थांबवून पानांकडे पाहायचे ठरवले. विकीत दोन हजारांच्या आसपास पाने होती. सगळी वाचणे शक्य नव्हते, म्हणून अलीकडे सर्वाधिक उघडली गेलेली पाने आणि यदृच्छेने निवडलेली काही पाने असा नमुना घेण्यात आला आणि प्रत्येक पान त्या विषयाच्या जाणकाराकडे एकच प्रश्न घेऊन गेले: हे आज खरे आहे का? नसेल, तर ते कशामुळे खोटे ठरले?

या दुसऱ्या प्रश्नाने प्रकरणाची दिशा बदलली. खोट्या ठरलेल्या पानांची कारणे मोजक्याच प्रकारांत बसत होती. काही पाने कोड बदलल्यामुळे चुकली होती: सेटिंगची नावे, एपीआयचे (इतर प्रोग्रामांनी प्रणालीशी बोलण्याच्या मार्गाचे) वर्णन, प्रतिष्ठापनेच्या पायऱ्या, आणीबाणीची रनबुके (बिघाडात पाळायच्या पायऱ्यांची पाने). काही पाने माणसे किंवा कार्यपद्धती बदलल्यामुळे चुकली होती: संपर्काच्या याद्या, रजेचे नियम, ग्राहक-तक्रार वर चढवण्याची रीत. तिसरा प्रकार मात्र कधीच चुकलेला नव्हता. बैठकींची इतिवृत्ते आणि निर्णयांच्या नोंदी तारखेला बांधलेल्या असतात. त्या दिवशी काय ठरले एवढेच त्या सांगतात आणि ते नंतरही खरेच राहते. शोधात सर्वांत जास्त गर्दी याच पानांची होती. म्हणजे शोधयंत्र शब्द बरोबर शोधत होते, पण चालू सूचना आणि जुनी नोंद यांतला भेद पानावर कुठेच लिहिलेला नसल्यामुळे दोन्ही सारख्याच अधिकाराने समोर येत होती.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा टप्पा होता आणि तो टाळला जाण्याच्या अगदी जवळ आला होता. गुणांच्या तक्त्यात एखादा पर्याय स्पष्टपणे पुढे असता, तर नमुना घेण्याचे कोणाला सुचलेही नसते.

विचारात घेतलेले पर्याय

कॉन्फ्लुअन्सच्याच क्लाउड आवृत्तीवर जाणे हा सर्वांत कमी कष्टाचा मार्ग होता. पाने, जोडपत्रे आणि परवानग्या बऱ्याच अंशी आपोआप हलल्या असत्या. त्याला दोन आक्षेप निघाले. पहिला कराराचा: साहाय्य विभागाच्या अनेक पानांत ग्राहकांच्या सर्व्हरचे तपशील होते आणि काही करारांनुसार ते त्रयस्थाच्या यंत्रणेवर ठेवता येत नव्हते. या एका अटीमुळे नोशनसारखी पूर्णपणे क्लाउडवर चालणारी साधनेही बाद झाली. दुसरा आक्षेप असा की दोन हजार पाने जशीच्या तशी नव्या घरी गेली असती, शिळ्या पानांसकट. स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी डेटा सेंटर आवृत्ती उपलब्ध होती, परंतु तिचा सर्वांत लहान परवाना ५०० वापरकर्त्यांचा असल्यामुळे चाळीस जणांसाठी तिचा विचार फार वेळ झाला नाही.

मुक्त स्रोत विकींपैकी तीन पाहिल्या गेल्या. मीडियाविकीची ताकद निर्विवाद आहे, पण ती मुळात सर्वांना वाचता येणाऱ्या मजकुरासाठी घडलेली आहे. ठरावीक पाने ठरावीक लोकांनाच दिसावीत ही गरज तिच्या रचनेत नीट बसत नाही. २००४ पासून चालत आलेली डोकूविकी डेटाबेसशिवाय, साध्या मजकूर-फायलींवर चालते आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ती मनापासून आवडली. साहाय्य विभागाला मात्र तिची लेखनखुणांची पद्धत नकोशी वाटली. बुकस्टॅक ही पीएचपीवर चालणारी, एमआयटी परवान्याची विकी कपाट, पुस्तक, प्रकरण आणि पान अशी ठरलेली उतरंड देते, तिचा संपादक वर्ड प्रोसेसरसारखा आहे आणि एकत्रित लॉगिनसाठी एसएएमएल व एलडॅप या प्रचलित पद्धतींची सोय तिच्यात वेगळे पैसे न मोजता मिळते. तिची उतरंड वाकवता येत नाही, ही तक्रार विश्लेषकांनी केली. जुन्या विकीतली सात-आठ पातळ्यांची झाडे आठवता ही तक्रार मला गुणासारखीच वाटली.

तिसरा मार्ग म्हणजे दस्तऐवज कोडच्या शेजारी, त्याच गिट रिपॉझिटरीत (कोड आणि त्यातला प्रत्येक बदल जपणाऱ्या साठ्यात) मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांच्या मजकूर-फायलींच्या रूपात ठेवून त्यांपासून स्थिर (आधीच तयार केलेल्या पानांचे) संकेतस्थळ तयार करणे. इथे स्फिंक्स, डॉक्युसॉरस आणि एमकेडॉक्स अशी तीन साधने तपासली गेली. पायथन भाषेच्या दस्तऐवजांसाठी २००८ मध्ये आलेले स्फिंक्स आंतरसंदर्भ आणि कोडमधून आपोआप वर्णन काढणे यांत सर्वांत काटेकोर आहे, पण त्याची मूळ लेखनपद्धती रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट शिकायला टीम तयार नव्हती. डॉक्युसॉरसची आवृत्तीनिहाय दस्तऐवजांची सोय उत्तम आहे. ते रिॲक्ट या जावास्क्रिप्ट साधनसंचावर उभे असल्यामुळे जपणूक करणाऱ्याला जावास्क्रिप्टची सवय हवी आणि या टीममध्ये ती एकदोघांनाच होती. एमकेडॉक्सला एक सेटिंग-फाइल आणि मार्कडाउनचा एक फोल्डर पुरतो. मटेरियल ही त्याची थीम शोध आणि मांडणी दोन्ही देते.

गिट होस्टिंगसोबत मिळणारी विकी वापरावी, अशी सूचनाही आली. ती लगेच मागे घेतली गेली, कारण गिटहब आणि गिटलॅब या दोन्हींत विकी ही स्वतंत्र गिट रिपॉझिटरी असते, त्यामुळे कोडमधला बदल आणि पानातला बदल एकाच मर्ज रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत) येत नाहीत. दोन्ही बदल एकत्र येणे, नेमके हेच टीमला हवे होते.

दुसरा निर्णय: चाचणी कशाची घ्यायची?

गुणांचा तक्ता बाजूला ठेवल्यावर गटाने उरलेल्या पर्यायांसमोर तीन कामे ठेवली. साहाय्य विभागातल्या व्यक्तीने फोन चालू असताना एक चुकीचे वाक्य दुरुस्त करावे. प्रोग्रामरने एका सेटिंगचे नाव बदलताना संबंधित पानही बदलावे. आणि एकत्रित लॉगिनची सेवा बंद असताना पाळीवरच्या अभियंत्याने रनबुक उघडून दाखवावे.

तिसऱ्या कामाने सर्वांनाच चकित केले. ज्या विकीत शिरण्यासाठी लॉगिन-सेवा लागते, तिच्यावर त्याच लॉगिन-सेवेच्या दुरुस्तीचे रनबुक ठेवलेले होते आणि इतकी वर्षे ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. कुलूपबंद कपाटाची किल्ली आतच राहावी, तसा तो प्रकार होता. स्थिर संकेतस्थळाच्या बाबतीत हा प्रश्न उरत नाही: रिपॉझिटरीची प्रत प्रत्येक अभियंत्याच्या लॅपटॉपवर असतेच आणि मटेरियलच्या ऑफलाइन प्लगिनमुळे तयार पाने, शोधासह, सर्व्हरशिवाय उघडतात.

दुसऱ्या कामातही कोडशेजारच्या फायलींनी सहज बाजी मारली. पहिल्या कामात मात्र त्या सपशेल हरल्या. पानावरच्या "संपादन करा" या दुव्याने गिटचा वेब-संपादक उघडत होता खरा, पण तिथून पुढे शाखा (बदलासाठीची वेगळी प्रत), बदलाची टिपणी, मर्ज रिक्वेस्ट आणि तपासणाऱ्याची प्रतीक्षा हे सगळे होतेच. चाचणीतली एका वाक्याची दुरुस्ती मंजुरीविना दोन दिवस पडून राहिली. साहाय्य विभागातल्या सहकाऱ्यांचे म्हणणे सरळ होते: अशी व्यवस्था असेल तर आम्ही दुरुस्ती करणार नाही, आपापल्या वहीत लिहून ठेवू. गिटवर सोपा संपादक बसवणारे डेकॅप सीएमएससारखे साधन मध्ये घालावे असा एक प्रस्ताव होता. त्याने लिहिण्याची अडचण कमी झाली असती, मंजुरीची नसती. शिवाय सांभाळायला आणखी एक गोष्ट वाढली असती.

तिसरा निर्णय: एक की दोन?

यावरचा वाद सर्वांत लांबला. एकच प्लॅटफॉर्म हवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नव्हता: वाचणाऱ्याने आधी पान कुठे असेल याचा अंदाज बांधायचा आणि मग शोधायचे, ही व्यवस्था नव्या माणसावर अन्याय करणारी आहे. दोन प्लॅटफॉर्म हवेत म्हणणाऱ्यांकडे चाचणीचे निकाल होते. कोणतेही एक साधन तिन्ही कामांत टिकले नव्हते.

तोडगा नमुन्याच्या निष्कर्षांतून निघाला. कोड बदलल्यामुळे जे पान चुकू शकते ते कोडशेजारी, एमकेडॉक्समध्ये राहील. माणसे किंवा कार्यपद्धती बदलल्यामुळे जे चुकू शकते ते बुकस्टॅकमध्ये राहील. तारखेला बांधलेल्या नोंदी बुकस्टॅकमध्येच, पण स्वतंत्र कपाटात आणि प्रत्येक शीर्षकात तारीख घालून ठेवल्या जातील. विभागणी खाते पाहून किंवा लेखक पाहून केली नाही, हे महत्त्वाचे ठरले. "तांत्रिक पाने इकडे, इतर तिकडे" असा नियम आधी सुचला होता. पण ग्राहकाला द्यायच्या उत्तरात एपीआयचा उल्लेख आला की ते तांत्रिक की नाही, यावर प्रत्येक वेळी नवा वाद झाला असता.

बुकस्टॅकचा सर्व्हर, त्याच्या प्रती आणि अद्ययावतीकरण हा भार सर्व्हर सांभाळणाऱ्या दोघांवर येणार होता आणि त्यांनी तो विनाअट स्वीकारला नाही. दर महिन्याला अद्ययावतीकरणासाठी ठरलेला वेळ आणि राखीव प्रतीवरून पुन्हा उभारणी करून पाहण्याची तिमाही चाचणी, या दोन गोष्टी त्यांनी कामाच्या नियोजनात मागून घेतल्या. जुन्या विकीच्या बाबतीत अशी चाचणी कधीच झाली नव्हती.

अंमलबजावणी

स्थलांतराचा नियम एकच होता: ज्या पानावर कोणी स्वतःचे नाव जबाबदार म्हणून लिहील तेच पान हलेल. विभागवार याद्या निघाल्या आणि दावे आले. शेवटी जुन्या पानांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यालाच जबाबदार मिळाला. उरलेली पाने स्थिर एचटीएमएलच्या रूपात काढून, वर "जुने, तपासलेले नाही" अशी ठळक पट्टी लावून, केवळ वाचण्यासाठी ठेवली गेली. पुसून टाकण्याचा आग्रह काहींनी धरला होता. पट्टीचा मार्ग निवडल्यामुळे विरोध मावळला, असे मला वाटते. आपले लिखाण नाहीसे होत नाही म्हटल्यावर लोक त्यावरचा हक्क सोडायला सहज तयार होतात.

प्रत्यक्ष रूपांतर अपेक्षेपेक्षा कष्टाचे निघाले. कॉन्फ्लुअन्स आपली पाने एक्सएचटीएमएलवर आधारित स्वतःच्या स्वरूपात, मॅक्रोंसह (पानात आपोआप मजकूर आणणाऱ्या आदेशांसह) साठवते. टीमने तयार एचटीएमएल बाहेर काढून पॅनडॉक या रूपांतराच्या साधनाने त्याचे मार्कडाउन केले. साधी पाने नीट आली. चौकटी विलीन केलेले तक्ते मार्कडाउनच्या साध्या तक्त्यांत बसत नाहीत, ते हाताने मोडून लिहावे लागले. सर्वांत फसवे प्रकरण समावेश-मॅक्रोचे होते. एका पानाचा मजकूर दुसऱ्या अनेक पानांत आणून दाखवणारा हा मॅक्रो एचटीएमएल काढताना उलगडला जातो, त्यामुळे जे एकाच ठिकाणी लिहिलेले होते त्याच्या अनेक सुट्या प्रती तयार झाल्या. ज्या दोषापासून सुटण्यासाठी हा खटाटोप चालला होता, तो दोष रूपांतरानेच नव्याने पेरला. सुदैवाने पुनरावलोकनात हे लक्षात आले आणि समान मजकुराची पाने छोट्या स्क्रिप्टने शोधून काढता आली.

जुन्या दुव्यांचाही प्रश्न होता. विकीच्या पानांचे क्रमांक असलेले पत्ते चॅटमध्ये, तिकिटांमध्ये, इतकेच काय, प्रणालीच्या त्रुटी-संदेशांमध्येही विखुरलेले होते. हललेल्या प्रत्येक पानासाठी जुन्या क्रमांकावरून नव्या पत्त्याकडे कायमचे पुनर्निर्देशन बसवले गेले आणि न हललेल्या पानांचे पत्ते संग्रहातल्या प्रतीकडे वळवले गेले. या कामाला नियोजनात जागा नव्हती. ते पूर्ण झाले ते दस्तऐवज-लेखिकेच्या चिकाटीमुळे.

कोडशेजारच्या पानांसाठी बिल्डमध्ये (फायलींपासून तयार संकेतस्थळ किंवा प्रणाली आपोआप बनवण्याच्या प्रक्रियेत) तपासण्या बसवल्या. एमकेडॉक्सच्या काटेकोर मोडमध्ये अंतर्गत दुवा तुटला की बिल्ड थांबते. बाह्य दुवेही त्याच वेळी तपासले जात होते, पण दुसऱ्याच्या संकेतस्थळाच्या बिघाडामुळे आपले प्रकाशन अडते हे दोनदा घडल्यावर ती तपासणी रात्रीच्या वेगळ्या फेरीत टाकली. लेखनशैली तपासणारे व्हेल हे साधन सुरुवातीला सक्तीचे होते. स्वल्पविरामावरून कोड अडू लागल्यावर प्रोग्रामरांनी पाने लिहायचेच टाळले, तेव्हा त्याच्या सूचना केवळ सल्ल्यापुरत्या ठेवल्या.

मर्ज रिक्वेस्टच्या नमुन्यात "या बदलाने कोणते पान चुकते का?" अशी चौकटही ठेवली होती. पंधरवड्यातच तिच्यात न वाचता टिकमार्क केला जाऊ लागला. त्याऐवजी जे केले गेले ते या प्रकरणातले सर्वांत उपयुक्त काम म्हणता येईल. सर्व सेटिंगांची यादी कोडमधूनच तयार होऊ लागली, आणि एखाद्या रनबुकात यादीत नसलेल्या सेटिंगचा उल्लेख आढळला तर बिल्ड थांबू लागले. पानाची आठवण ठेवण्याची जबाबदारी माणसाकडून काढून घेतली गेली, आणि तीही नेमक्या त्याच जागी, जिथे पहिली घटना घडली होती.

बुकस्टॅकमध्ये पुनरावलोकनाची तारीख प्रत्येक पानाला टॅग म्हणून दिली जाते. त्याच्या एपीआयमधून ती वाचून मुदत उलटलेल्या पानांची यादी जबाबदार व्यक्तीला दर आठवड्याला पाठवणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली गेली.

परिणाम

जुना सर्व्हर पाठबळाच्या मुदतीआधी बंद झाला. त्यानंतरच्या वर्षात एकदा लॉगिन-सेवा खरोखरच कोलमडली, तेव्हा पाळीवरच्या अभियंत्याने लॅपटॉपवरच्या प्रतीतून रनबुक उघडले आणि त्यातल्या पायऱ्या बरोबर निघाल्या. सेटिंगांची तपासणी अधूनमधून बिल्ड थांबवते. प्रत्येक वेळी बिल्ड थांबते याचा अर्थ एक पान चुकण्याआधीच सापडले. साहाय्य विभागाचे लेखन वाढले आहे आणि त्यांची उत्तरे आता वहीत राहत नाहीत.

काही गोष्टी साधल्या नाहीत. दोन ठिकाणचा शोध अजूनही वेगळाच आहे. सुरुवातीचे एक निर्देशक-पान दोन्हींकडे वाट दाखवते, पण जुन्या सहकाऱ्यांना त्याची गरज नसते आणि नव्यांना ते सापडेपर्यंत त्यांनी शेजाऱ्याला विचारलेले असते. पुनरावलोकनाच्या आठवड्याच्या यादीला प्रतिसाद मिळतो, पण बऱ्याचदा पान न वाचता तारीख पुढे ढकलली जाते. विश्लेषकांचे मसुदे दोन्ही घरांत रमले नाहीत. ते सामायिक फाइलींच्या एका फोल्डरमध्ये साचत आहेत आणि तिसऱ्या प्लॅटफॉर्मची ही सुरुवात आहे, असे मला वाटते.

सर्वांत अवघड गट मात्र प्रणालीच्या एकंदर रचनेचे स्पष्टीकरण देणाऱ्या पानांचा निघाला. ही पाने कोडमुळेच शिळी होतात, पण कोणत्याही एका बदलामुळे नाही. शंभर छोट्या बदलांनंतर चित्र हळूहळू खोटे होते आणि कुठलेही बिल्ड त्यासाठी थांबत नाही. सॉफ्टवेअर-तज्ज्ञ मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेली, रचनेविषयीचे निर्णय कारणांसह नोंदवण्याची पद्धत टीमने स्वीकारली. तिच्यामुळे एखादी गोष्ट अशी का आहे हे कळते. आज ती कशी आहे याचे एकसंध वर्णन तिच्यातून मिळत नाही.

वेगळे काय करता आले असते

बाहेर पडण्याची चाचणी आत शिरण्याआधी घ्यायला हवी होती. जुन्या विकीतून दहा अवघड पाने पहिल्याच आठवड्यात काढून पाहिली असती, तर समावेश-मॅक्रोचा घोळ नियोजनात आला असता. नव्या साधनांनाही हीच कसोटी आधी लावणे योग्य ठरले असते. बुकस्टॅकची पाने मार्कडाउन आणि एचटीएमएलमध्ये निघतात हे माहितीपत्रकावरून मान्य केले गेले, करून पाहिले गेले नाही.

साहाय्य विभागाला पहिल्या बैठकीपासून बोलवायला हवे होते. मूळ गटात पाचपैकी चार प्रोग्रामर होते आणि चाचणीचे पहिले काम जर त्या एका चाचणी अभियंत्याने सुचवले नसते, तर सगळे काही गिटमध्ये नेण्याचा निर्णय जवळजवळ झालाच होता.

मुदतीचा प्रश्नही आहे. २०२० च्या घोषणेनंतर वर्षभरातच पानांचा नमुना घेता आला असता, त्याला कोणत्याही परवान्याची किंवा खरेदीची गरज नव्हती. सुरक्षा-दोषाच्या आठवड्यात करार वाचण्याची वेळ आली ती या दिरंगाईमुळेच. ग्राहकांचे तपशील बाहेर ठेवता येत नाहीत ही अट गटाला कळली तेव्हा क्लाउड पर्यायांवर बराच वेळ खर्च झालेला होता.

मटेरियलच्या खास खुणांवरही अधिक विचार व्हायला हवा होता. सूचना-चौकटी आणि टॅबसारख्या सोयी साध्या मार्कडाउनचा भाग नाहीत आणि टीमने त्या सढळ हाताने वापरल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये मटेरियलच्या निर्मात्यांनी झेन्सिकल हे नवे साधन जाहीर केले आणि मटेरियलचा विकास देखभालीपुरता मर्यादित केला. झेन्सिकल एमकेडॉक्सची सेटिंग-फाइल वाचू शकते, त्यामुळे टीमसमोर संकट नाही. परंतु पुढचा निर्णय घ्यायचा आहे. या वेळी गटाने पहिल्या दिवशीच रनबुकांचा फोल्डर झेन्सिकल आणि स्फिंक्स या दोन्हींतून काढून पाहण्याचे ठरवले आहे, आणि गटात साहाय्य विभागातले दोघे आहेत.